पाळणा, क्रिब आणि आपली फुकाची भांडणं

आमच्या जुन्या घराच्या माजघरात तुळईला दोन लोखंडी कड्या अजून आहेत. त्या कड्यांना टांगलेल्या पाळण्यात माझे वडील झोपले, ताई झोपली, मी झोपलो. काही वर्षांमागे त्या रिकाम्या कड्यांवर मी एक लेख लिहिला होता. फ्लॅटला तुळई नाही, तुळई नाही म्हणून कडी नाही, कडी नाही म्हणून पाळणा नाही आणि पाळणा नाही म्हणून संस्कृती नाही, असा त्याचा एकंदर सूर. लेख बऱ्याच जणांना आवडला. डोळ्यांत पाणी आलं, असंही काहींनी कळवलं. आज मला त्या लेखातला अर्धा भाग परत घ्यायचा आहे. उरलेला अर्धा ठेवतो. का, ते पुढे कळेल.

निमित्त घडलं भोपाळला. माझी ताई लग्न होऊन तिकडच्या एका मराठी घरात गेली. भोपाळात मराठी माणसं कशी, असं इथे बरेच जण विचारतात. १९५६ साली नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झाली, तेव्हा ग्वाल्हेर, इंदूर, नागपूर इथल्या कचेऱ्यांतून माणसं भोपाळला आली. त्यांत मराठी कारकून, मास्तर, इंजिनियर पुष्कळ होते. ताईचं सासर मूळ ग्वाल्हेरचं. आता घर अरेरा कॉलनीत आहे, तिकडच्या पाट्यांवर तिला 'अरेरा कॉलोनी' म्हणतात. झाडांचे रस्ते, 'ई'पासून सुरू होणारे सेक्टरांचे नंबर, दहा नंबर मार्केट, बिट्टन मार्केट. सुखवस्तू वस्ती. ताईची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, मुलगी झाली, आणि बारशाला मामा हवा म्हणून मी डिसेंबरात गोवा एक्स्प्रेसनं निघालो.

पोचलो तेव्हा घरात युद्ध पेटलेलं. एका बाजूला ताईच्या सासूबाई. घरात सगळे त्यांना आजीच म्हणतात. त्यांनी ग्वाल्हेरहून आणलेला शिसवी पाळणा माळ्यावरून काढून, तेल लावून, साखळ्या घासून तयार ठेवलेला. दुसऱ्या बाजूला जावई. ते बंगळूरला नोकरीला असतात. त्यांनी पलंगाला जोडायची क्रिब घेतली होती. हिची एका बाजूची भिंत खाली उतरते, ती बाजू आईच्या पलंगाला चिकटवायची, म्हणजे बाळ वेगळं आणि तरी हाताशी. किंमत साडेअकरा हजार. वर दुकानदारानं 'फ्री' म्हणून एक संच दिलेला: क्रिबच्या चारी बाजूंना बांधायच्या कापसाच्या लांबट उशा, म्हणजे बंपर, एक राईची उशी, एक गुबगुबीत दुलई आणि दोन कापडी ससे.

"आमच्या सात पिढ्या ह्याच पाळण्यात झोपल्या," आजी म्हणाल्या.

"आजी, अहो जग कुठे चाललंय!" जावई म्हणाले.

भाची मधल्यामधे. मला म्हणाली, "मामा, तू लिहितोस ना यावर? तूच सांग दोघांना."

मी सांगितलं. काय सांगितलं? पाळण्याच्या बाजूनं एक छोटंसं व्याख्यान दिलं. लय, आईचा हात, ओवी, सगळं काही त्यात आलं. आजी खूष झाल्या. जावई मान खाली घालून मोबाईल बघत बसले. बाळ तेव्हा क्रिबमध्ये, चार उशांच्या मधोमध, सशांच्या सोबतीला झोपलं होतं. तिकडे मी पाहिलंसुद्धा नाही.

त्याच रात्री, अडीच-तीनच्या सुमाराला, भाचीनं हाक मारली. ओरडली नाही, पण आवाजात असं काही होतं की सगळं घर उठलं. बंपरची एक नाडी सुटली होती. उशी आत कलंडली होती आणि तिचं टोक बाळाच्या गालावरून नाकापर्यंत आलं होतं. अंगावरची दुलई वर सरकून हनुवटीच्या वर गेली होती. भाचीला जाग आली ती बाळ रडलं म्हणून नव्हे, बाळाचा नेहमीचा बारीक आवाज येईना म्हणून. तिनं उचललं, बाळानं दोन उचक्या दिल्या आणि रडायला लागलं. बाळ ठीक होतं. सकाळी डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. झालं काहीच नाही.

पण त्या पाच मिनिटांत त्या खोलीत काय झालं ते सांगतो, कारण हा लेख त्यासाठीच आहे. आजी म्हणाल्या, "म्हणून म्हणत होते, पाळण्यात घाला." जावई म्हणाले, "नाडी नीट बांधली नव्हती कोणी, क्रिब चांगल्या कंपनीची आहे." आणि मी? बाळ रडलं, जीव भांड्यात पडला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की चला, आपली बाजू खरी ठरली. अकरा दिवसांच्या जिवाच्या नाकावर उशी आलेली आणि मी वादात गुण मोजत होतो. त्याची लाज मला अजून वाटते. आपल्याकडे संस्कृतीवर लिहिणाऱ्या सगळ्यांनाच ती थोडी वाटायला हवी, असं माझं म्हणणं आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. 'पाळणा की क्रिब' हा प्रश्नच खोटा आहे. तो परंपरा आणि आधुनिकता यांच्या भांडणाचा प्रश्न आहे, बाळाचा नव्हे. बाळाचा प्रश्न फार छोटा आणि फार कठोर आहे: झोपेत नाकतोंड मोकळं राहील का, आणि आईचा हात पोचेल का? या दोन प्रश्नांना जे उत्तर देतं ते चांगलं. मग ते शिसवाचं असो, प्लास्टिकचं असो, नाहीतर पुठ्ठ्याचं असो.

आधी आजींची बाजू घेऊ, कारण ती माझीही होती. सात पिढ्या या पाळण्यात झोपल्या. बरोबर. पण झोपल्या त्यांतल्या जगल्या त्याच पिढी म्हणून मोजल्या गेल्या. आजींनीच एकदा सांगितलं होतं की त्या अकरा भावंडं, त्यांतली सहा मोठी झाली. बाकीची पाच कशानं गेली? पाळण्यानं गेली असं मी म्हणत नाही. पण कशानं गेली हे कुणालाच माहीत नाही. 'झोपेतच गेलं', 'दृष्ट लागली', 'सटवीनं नेलं', यापलीकडे चौकशी झालीच नाही. जिथे न उठलेल्या लेकरांची नोंद नाही, तिथे उठलेल्यांच्या साक्षीवर पाळणा निर्दोष ठरवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप घेऊन पाळण्याला बसलो. दोन गजांमधलं अंतर नऊ सेंटिमीटर भरलं. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून हे अंतर सुमारे सहा सेंटिमीटरांपेक्षा जास्त असता कामा नये असा नियम आहे. त्याचं कारण ऐकलं की अंगावर काटा येतो. फट रुंद असली की बाळाचे पाय आणि धड तिच्यातून निसटतं, डोकं निसटत नाही. डोकं अडकतं आणि बाळ मानेवर लोंबकळतं. पुढं पाळण्याची आतली गादी. जुन्या कापसाची, मधे खोल बसलेली. बाळ कुठेही ठेवलं तरी घरंगळून त्या खळग्यात जाणार आणि कुशीवर वळणार. हलत्या पाळण्यात तर ते आपोआप होतं.

साडीची झोळी याहून वाईट. तिच्यात बाळाचं अंग धनुष्यासारखं वाकतं, हनुवटी छातीला टेकते. तान्ह्या बाळाची श्वासनळी मऊ आणि अरुंद असते आणि मान उचलायची ताकद नसते. हनुवटी टेकली की वाट बंद. मूल जरा मोठं झालं आणि झोळीशी खेळायला लागलं की साडीचा पीळ गळ्याभोवती बसतो. असे अपघात आपल्या देशात घडलेले आहेत, वैद्यकीय नियतकालिकांत त्यांच्या नोंदी आहेत. शेतावर, बांधकामावर राबणाऱ्या बाईला झोळीवाचून इलाज नसतो, तिला मी काय बोलणार? पण फ्लॅटमध्ये हौसेनं स्प्रिंगची झोळी टांगणाऱ्यांना बोलायला हवं.

आता जावयांची बाजू. तिला मी सोडणार नाही. 'चांगल्या कंपनीची आहे' हे वाक्य म्हणजे शहरी माणसाचं 'सात पिढ्या'च आहे. पुरावा तेवढाच. अमेरिकेत फिशर-प्राइस या नामांकित कंपनीनं 'रॉक अँड प्ले' नावाचं तिरकं, झुलणारं बिछान्यासारखं साधन २००९ पासून विकलं. ते दशकभर घरोघर गेलं. एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख नग परत मागवावे लागले. तोवर त्यात झोपलेल्या ३० हून अधिक बाळांचे मृत्यू नोंदले गेले होते. नाव मोठं होतं, तंत्र नवं होतं, जाहिरात गोड होती. तिरप्या बिछान्यावर हनुवटी छातीला टेकते हे साधं शरीरशास्त्र मात्र तेच होतं.

आणि त्या बंपरच्या उशा? गजांवर डोकं आपटू नये म्हणून त्या आल्या. बाळाच्या डोक्याला टेंगूळ येणं आणि बाळाचं नाक बुजणं यांत कुठला धोका मोठा, हे तोलायला लोकांना पन्नास वर्षं लागली. अमेरिकेत मे २०२२ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून गादीदार बंपर आणि दहा अंशांहून अधिक उताराचे तान्ह्यांचे बिछाने विकायला बंदी आली. तिकडे कायद्यानं बंद झालेली वस्तू अरेरा कॉलनीत आमच्या बाळाला 'फ्री' मिळाली! क्रिब घेतली पैसे देऊन, आणि धोका आला भेट म्हणून.

राईच्या उशीचीही तीच गत. डोकं गोल यावं म्हणून ती वापरतात. बाळाला उशी लागत नाही, कुठलीच नाही. एकाच बाजूला पडून डोकं चपटं होऊ नये यासाठी बाळ जागं असताना, आपलं लक्ष असताना, त्याला थोडा वेळ पोटावर ठेवावं. डोकं मोठेपणी केसांखाली झाकलं जाईल हो. आधी मोठं तर होऊ दे.

कुणी म्हणेल, आता हा मनुष्य अमेरिकेचे दाखले देऊन आपल्या आज्यांना अडाणी ठरवणार. थांबा. आज्यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा दाखला अजून यायचाय. बाळाला उताणं झोपवायचं, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. पश्चिमेत काय झालं? डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनाचं पुस्तक १९४६ साली आलं आणि घराघरांत गेलं. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून त्याच पुस्तकात बाळाला पालथं झोपवावं असा सल्ला येऊ लागला. कारण काय, तर उलटी झाली तर घशात अडकू नये. ऐकायला किती पटणारं! कोट्यवधी आयांनी ते मानलं. पुढे पुरावा उलटा निघाला. पालथ्या झोपणाऱ्या बाळांत अचानक मृत्यूचं प्रमाण खूप जास्त होतं. १९९१ साली ब्रिटनमध्ये आणि १९९४ साली अमेरिकेत 'बाळाला उताणं झोपवा' अशी मोहीम काढावी लागली, आणि काही वर्षांतच ते मृत्यू निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आले.

म्हणजे इथे आजी बरोबर आणि पदवीधर डॉक्टर चूक. झोळीत मात्र आजी चूक. मग शहाणपण कुठल्या बाजूला? कुठल्याच बाजूला कायमचं नाही. ते मोजणाऱ्याकडे असतं. स्पॉक यांचे अनुयायी मोजल्यावर बदलले. आपण मोजतच नाही, त्यामुळे आपल्याला बदलायची वेळच येत नाही, आणि त्यालाच आपण परंपरा टिकवणं म्हणतो.

मी काही डॉक्टर नव्हे, कला शाखेचा पदवीधर. पण कारण समजल्याशिवाय यादी पाठ करायला आवडत नाही, म्हणून जेवढं समजलं तेवढं सांगतो. मऊ बिछान्यात बाळाचं तोंड रुतलं की त्याभोवती खळगा होतो. बाळ जो श्वास सोडतं तोच त्या खळग्यात साचतो आणि तोच पुन्हा आत घेतला जातो. प्राणवायू कमी होत जातो. आपण असतो तर मान वळवली असती. ते त्याला जमत नाही, आणि काही बाळांना अशा वेळी जागही येत नाही. आवाज होत नाही. म्हणून तर आईला 'रडलं की कळेल' हा भरवसा ठेवता येत नाही.

एवढं कळलं की बाकी सगळं आपोआप सुचतं. बिछाना सपाट आणि कडक. हातानं दाबला तर खळगा राहता कामा नये. गादी चौकटीत घट्ट बसलेली, कडेला दोन बोटंही जाऊ नयेत. आत फक्त ताणून खोचलेली चादर. उशी नाही, बंपर नाही, दुलई नाही, ससा नाही. थंडी असेल तर पांघरुणाऐवजी अंगातले कपडे वाढवावे. मच्छरदाणी भोपाळलाही हवी आणि आमच्याकडे तर हवीच, पण ताणून लावलेली, तोंडावर लोंबणारी नव्हे. छत्रीसारख्या मच्छरदाणीखाली गुबगुबीत गादी शिवून विकतात, त्यात मच्छर येत नाही हे खरं, हवेचं काय? आणि घरात विडी-सिगरेट अजिबात नाही, हा नियम तर क्रिबच्या किमतीपेक्षा मोठा आहे. बंद खोलीत शेगडीचा शेक आणि धुरीही त्यातच आली.

पलंगाला जोडायच्या क्रिबची आणखी एक गोष्ट. आमच्या क्रिबबरोबर दोन जाड पट्टे आले होते. ते पलंगाच्या चौकटीभोवती गुंडाळून क्रिब आवळून बांधायची असते. ते पट्टे खोक्यातच राहिले होते! माहितीपत्रक कुणी उघडलंच नव्हतं. क्रिब फरशीवर जराशी सरकली होती आणि पलंग व क्रिब यांच्यामध्ये चार बोटांची फट पडली होती. त्या फटीत बाळ गेलं असतं तर? गादीची पातळीही आईच्या गादीशी जुळवायची असते, तीही जुळवलेली नव्हती. साडेअकरा हजारांची वस्तू, पण तिची सुरक्षितता खोक्यात पडून होती, आणि आम्ही बाहेर संस्कृतीवर बोलत होतो. शिवाय ही क्रिब कायमची नाही. बाळ वळायला किंवा हातापायांवर उठायला लागलं की तिचं काम संपलं, मग उंच कठड्याची खाट हवी.

मग आईच्या कुशीचं काय? हा प्रश्न आजींनी विचारला आणि तो खरा आहे. इथे तज्ज्ञांतही एकमत नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ म्हणतात, निदान पहिले सहा महिने बाळ आईच्याच खोलीत असावं, पण त्याच बिछान्यात नको. ब्रिटनमध्ये सरसकट 'नको' म्हणण्यापेक्षा धोका केव्हा वाढतो ते आईबापांना सांगण्यावर भर आहे: आईबापांपैकी कुणी सिगरेट ओढत असेल, दारू किंवा झोपेचं औषध घेतलं असेल, बाळ दिवसांआधी जन्मलेलं किंवा कमी वजनाचं असेल, तर एका बिछान्यात मुळीच नको. आणि सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं तर कधीच नको. मात्र आई जागी असताना, देखरेखीत बाळाला छातीशी उघड्या अंगानं धरणं ही वेगळी गोष्ट. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झालेली ती 'कांगारू' पद्धत कमी वजनाच्या बाळांचे जीव वाचवते. कूस वाईट नाहीच. झोप लागलेली कूस आणि जागी कूस यांत फरक आहे, एवढंच.

परंपरा आणि सुरक्षितता यांची गाठ घालता येते का? येते. न्यूझीलंडच्या माओरी लोकांत बाळ आईबापांजवळच झोपवायची रीत. अचानक मृत्यूंचं प्रमाणही त्यांच्यात जास्त. सरकारी सल्ला होता, वेगळं झोपवा. लोक ऐकेनात. तेव्हा २००६ च्या सुमारास त्यांच्यातल्याच डॉक्टरांनी आणि विणकर बायकांनी तिकडच्या तागासारख्या पात्यांची एक सपाट, काठाची टोपली विणली. तिचं नाव वाहाकुरा. टोपली आईच्या बिछान्यात, बाळ टोपलीत. जवळही आणि वेगळंही. रीत मोडली नाही, जीवही धोक्यात टाकला नाही. आपल्याकडे बुरुडकाम करणारे हात आहेत, बाळाला सुपात ठेवायची रीत आहे, लाखेच्या रंगांचे पाळणे करणारे चितारी आहेत. सहा सेंटिमीटरांचं माप आणि सपाट तळ एवढं कुणी त्यांच्यासमोर ठेवलं का? नाही. आपण त्यांच्यावर फक्त हळवे लेख लिहिले.

आणि ज्यांना वाटतं सुरक्षितता म्हणजे पैसा, त्यांनी फिनलंड बघावं. तिथे १९३८ पासून गरीब आयांना आणि १९४९ पासून सगळ्याच आयांना सरकार बाळाच्या कपड्यांचं एक खोकं देतं. अट एकच, गरोदरपणात वेळेवर तपासणीला यायचं. खोक्याच्या तळाशी गादी असते. कित्येक फिनिश बाळं पहिले महिने त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात झोपली. साडेअकरा हजार नाहीत, बंपर नाही, ससा नाही.

सरकारचं नाव निघालंच आहे तर तेही बोलतो. सरकारी कारकून आहे, आदेशाची भाषा मला कळते. आपल्याकडे खेळण्यांसाठी २०२० साली गुणवत्ता नियंत्रण आदेश निघाला आणि १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. उत्तम झालं. म्हणजे बाळाच्या खुळखुळ्याला चिन्ह लागतं. ज्यात ते बाळ दिवसाचे सोळा तास झोपतं त्या वस्तूचं काय? बारशाच्या सकाळी मी आणि जावई तीन दुकानं फिरलो. प्रत्येक क्रिबपाशी मी तेच विचारलं, कुठलं चिन्ह, कुठली चाचणी? एकानं कापडाचा मऊपणा दाखवला, एकानं चाकं फिरवून दाखवली, एक म्हणाला, "सर, यह इम्पोर्टेड है." खुळखुळ्याइतकी विचारपूस बिछान्याचीही व्हावी, ही मागणी फार मोठी आहे का?

आता एक गंभीर आक्षेप. मध्य प्रदेशात २०२० साली हजार जन्मांमागे ४३ बाळं वर्षाच्या आत दगावत होती, देशात सर्वांत जास्त. ती क्रिबमुळे नाही दगावत. दिवसांआधी जन्म, कमी वजन, जंतुसंसर्ग, जन्मताना गुदमरणं, ही कारणं. अशा राज्यात अरेरा कॉलनीतल्या उशांवर अडीच हजार शब्द? हा आक्षेप मला मान्य आहे. तिकडची पहिली लढाई प्रसूतिगृहाची आहे, बिछान्याची नव्हे. पण हे मी गोव्यातल्या वाचकांसाठी लिहितोय. त्याच २०२० साली गोव्यात तो आकडा ५ होता. जिथे बाकीची कारणं आटोक्यात येतात तिथे उरलेल्या मृत्यूंत टाळता येण्याजोगं काय आहे, ते शोधावं लागतं. आपण त्या टप्प्यावर आलो आहोत. आणि सुखवस्तू घरात बाळ गरिबीनं नाही, हौसेनं धोक्यात येतं, हे अधिक लाजिरवाणं.

आपल्याकडची हौस तर विचारूच नका. आखातातून, लंडनहून भावंडं पार्सलातून जुनी क्रिब पाठवतात. 'तिकडची आहे, मजबूत आहे.' त्यांतल्या कित्येकींची एक बाजू खाली सरकणारी. ती बाजू निखळून बाळं अडकली म्हणून जून २०११ पासून अमेरिकेत अशा सरकत्या बाजूच्या क्रिब विकायला बंदी आहे. पलंगाला बांधायची क्रिब वेगळी, ही गोष्ट वेगळी. तिकडे बाद झालेलं आपल्या माळ्यावर 'फॉरिनचं' म्हणून जपून ठेवलेलं असतं, पुढच्या बाळासाठी!

आमच्या घरातल्या युद्धाचं काय झालं? बारशाच्या दिवशी दुपारी भाचीनं, कुणालाही न विचारता, क्रिबमधल्या उशा, दुलई, राई, ससे सगळं काढून एका पिशवीत कोंबलं. जावयांनी पट्टे काढून क्रिब पलंगाला आवळली, हलवून पाहिली, पुन्हा आवळली. क्रिब अगदी भकास दिसायला लागली. आजी म्हणाल्या, "हे काय, पोरीला फरशीवर टाकल्यासारखं!" मी म्हटलं, "आजी, तेच बरं आहे." त्या माझ्याकडे फितूर झालेल्याकडे बघावं तशा बघत राहिल्या.

संध्याकाळी शिसवी पाळणा फुलांनी सजवला. बाळाला त्यात घातलं, पाच जणींनी झोका दिला, आजींनी थरथरत्या आवाजात पाळणा म्हटला, आत्यानं कानात नाव सांगितलं. भाचीचा हात सबंध वेळ बाळाच्या पोटावर होता. अर्ध्या तासानं बाळाला झोप लागली, तशी तिनं उचलून क्रिबमध्ये उताणं ठेवलं. पाळणा रिकामा झुलत राहिला.

लेखातला जो अर्धा भाग मी ठेवतो तो हा अर्धा तास. पाळणा गाण्यासाठी आहे, नावासाठी आहे, चार बायका एकत्र येण्यासाठी आहे. जागेपणी. झोपेसाठी सपाट, कडक, रिकामी जागा. ती दिसायला भकास असेल. असू दे. आपल्या पूर्वजांनी सटवीच्या, सहाव्या रात्री बाळाजवळ जागत बसायची रीत घातली, ती काही सजावट म्हणून नव्हे. तान्हं बाळ रात्री हातातून निसटू शकतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याकडे माप नव्हतं म्हणून ते जागले. आपल्याकडे माप आहे. घरात बाळ येणार असेल तर आज टेप काढा आणि गजांमधलं अंतर मोजा. संस्कृतीवर उद्या भांडू.